दंड सरकारजमा, लूट कोणाच्या खिशात?

टेंडर निघाले, तिघांनी भरले, सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम मिळाले. कागदावर सगळे कसे स्वच्छ! पण तालुक्याच्या ठिकाणी ठेकेदारी करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हसून सांगेल की काम कोणाला जायचे ते आधीच ठरले होते. उरलेल्या दोघांनी नुसता ‘सपोर्ट’ दिला. धंद्यातले लोक याला रिंग करणे म्हणतात, टेंडर मॅनेज करणे म्हणतात. स्पर्धा अधिनियम, २००२ याला निविदेतील संगनमत म्हणतो. त्याला बंदी घालणारे कलम ३ हे २० मे २००९ पासून लागू आहे.

वाचकहो, हा शेटजींचा आपसातला मामला आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे समजू नका. रेशनचे धान्य ज्या गोदामातून आपल्या घरात येते, तिथूनच आम्ही सुरुवात करतो.

भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातल्या गव्हा-तांदळाला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. या गोळ्या बनविणाऱ्या कंपन्या देशात तेव्हा मोजून चार होत्या. महामंडळाने ८ मे २००९ रोजी टेंडर काढले, तेव्हा एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक या तीन कंपन्यांनी भाव भरला किलोला ३८८ रुपये. तिघांचाही ३८८! कारखाने वेगळे, जागा वेगळ्या, खर्च वेगळा, आणि भाव मात्र एकच. त्यावर कडी म्हणजे महामंडळाच्या कार्यालयातील नोंदवहीत तिन्ही कंपन्यांच्या वतीने एकाच माणसाने नोंद केलेली सापडली. एवढी बेफिकिरी कुठून येते? आपल्याला कोणी विचारणारच नाही, ही खात्री असल्याशिवाय येत नाही.

महामंडळाने २०११ साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. अशी तक्रार आली की आयोग प्रथम पाहतो की प्रकरणात सकृतदर्शनी काही तथ्य आहे काय. असेल तर तपास महासंचालकांकडे जातो. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे, हिशेबाच्या वह्या मागविण्याचे अधिकार आहेत. न्यायदंडाधिकाऱ्याचे वॉरंट घेऊन ते कंपनीच्या कार्यालयावर झडतीही घालू शकतात. कट करणारे करारपत्र लिहून ठेवत नाहीत, हे कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून सारखे भाव, एकाच दिवशी भरलेली टेंडरे, फोनच्या नोंदी, ई-मेल असे धागे जोडून निष्कर्ष काढला जातो.

कंपन्यांचा बचाव मोठा नामी होता. टेंडर ८ मेचे, कलम लागू झाले २० मेला. तेव्हा आम्ही कायद्याच्या बाहेर! सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मानला नाही, कारण त्या टेंडरचा परिणाम कलम लागू झाल्यानंतरही चालूच होता. ८ मे २०१७ च्या निकालात संगनमत झाले यावर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले.

पण खरी गोष्ट दंडाची आहे. अशा कटाला कायद्याने फार मोठा दंड सांगितला आहे: कट जितकी वर्षे चालला त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत. आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये उलाढालीच्या ९ टक्के दंड केला. युनायटेड फॉस्फरसला २५२ कोटी ४४ लाख, एक्सेलला ६३ कोटी ९० लाख. अपील न्यायाधिकरणाने २०१३ साली म्हटले की दंड कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर नको, ज्या मालात संगनमत झाले तेवढ्याच मालाच्या उलाढालीवर हवा. झाले! २५२ कोटींचे ६ कोटी ९४ लाख उरले आणि ६३ कोटींचे २ कोटी ९१ लाख. सर्वोच्च न्यायालयाने हाच हिशेब कायम केला. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी, हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. एका गोळीसाठी सगळा कारखाना बुडवा असे आम्ही म्हणणार नाही. पण दहा प्रकारचा माल विकणाऱ्या बड्या कंपनीला सात कोटींचा दंड हा धंद्यातला खर्च वाटतो, हेही तितकेच खरे. २०२३ च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे जगभरातील सर्व मालाची उलाढाल अशी व्याख्या केली आहे. तरी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दंडाची मोजणी सुरू होते ती संबंधित मालाच्याच उलाढालीपासून, तिच्या ३० टक्क्यांपर्यंत.

सिमेंटवाल्यांचे घ्या. २०१२ साली त्यांना सहा हजार कोटींहून जास्त दंड झाला. तो २०१५ मध्ये रद्द, २०१६ मध्ये पुन्हा लागू, २०१८ मध्ये अपिलात कायम, आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. ज्याने त्या काळात घरकुलासाठी सिमेंटच्या गोण्या घेतल्या त्याला यातून काय मिळाले?

कट फोडण्यासाठी कायद्यात एक युक्ती आहे. कटातल्या ज्या कंपनीने सर्वांत आधी येऊन कबुली दिली आणि भक्कम पुरावा दिला, तिचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. चोरांत भांडण लावायची ही पद्धत जगभर चालते. रेल्वेच्या डब्यांतील पंख्यांच्या टेंडरात सीबीआयकडून माहिती आली, एका कंपनीने तोंड उघडले आणि जानेवारी २०१७ मध्ये तिला ७५ टक्के सूट मिळाली. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या २०१४-१५ च्या टेंडरांत डमी टेंडरे भरली गेल्याचे आयोगाने मे २०१८ मध्ये ठरविले. तिथे तक्रार शहरातल्याच नागरिक चेतना मंचाची होती. कंपन्या तपास सुरू झाल्यावर कबुलीला आल्या, म्हणून पूर्ण माफी नाही. शहराचा कचरा कोणाच्या हातांनी उचलला जातो ते आम्ही सांगायला नको. त्या हातांना हातमोजे देताना महापालिकेचे बजेट आठवते, आणि टेंडरची रिंग होते तेव्हा कोणालाच काही आठवत नाही.

आता मुद्द्याचे बोलू. वसूल झालेला दंड जातो कुठे? कलम ४७ प्रमाणे भारताच्या संचित निधीत. म्हणजे लुटली गेली महापालिका, आणि पैसा दिल्लीत जमा. लुटलेल्याला भरपाई हवी असेल तर कलम ५३-एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक संस्था, साधा माणूस, कोणालाही तो करता येतो. पण अर्ज करायचा कोणी? ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तीन सारख्या भावांची टेंडरे आली आणि त्याने डोळे मिटून सही केली, त्यानेच? आणि या कायद्याखाली कट केल्याबद्दल तुरुंग नाही, फक्त पैसा आहे. अमेरिकेत याच अपराधाला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

रिंगेचे दुसरे नुकसान आकड्यात दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. आमचा एखादा तरुण कर्ज काढून, अनामत रक्कम भरून टेंडरला उतरतो, तेव्हा त्याचा सामना एका प्रतिस्पर्ध्याशी नसतो. काम आळीपाळीने वाटून घेणारी पाच जणांची टोळी समोर असते. त्याने भाव कमी भरला तर पाचही जण मिळून तोट्यात जाऊन त्याला बाहेर काढतात, आणि पुढच्या खेपेला त्याच्याकडूनच वसूल करतात. संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, असे घटनेचा अनुच्छेद ३९ सांगतो. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यामागे हेच मार्गदर्शक तत्त्व होते, आणि त्या कायद्याची जागा आजच्या स्पर्धा कायद्याने घेतली.

तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेतील, समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या भोजन पुरवठ्यातील टेंडरांची कागदपत्रे माहिती अधिकारात मागवावीत. हरलेल्यांचे भाव सरळ एका पट्टीत वाढत गेलेत का, एकच चूक तीन टेंडरांत आहे का, अनामत रकमेचे ड्राफ्ट एकाच बँकेतून एकाच दिवशी निघालेत का, हरलेल्यालाच पुढे पोटठेका मिळाला का, हे पाहावे. दरवर्षी तीच नावे फिरत असतील तर ती एका तक्त्यात वर्षवार मांडावीत. आयोगाकडे माहिती कोणीही नागरिक देऊ शकतो, मात्र २०२३ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली आहे. २०२१ चे टेंडर आज हाती लागले तर आयोग आधी उशिराचे कारण विचारील.