हेडलाइटचा बल्ब : जास्त उजेड की योग्य उजेड?

कोलशेत रोडने कापूरबावडीला आलो की घोडबंदर रस्ता लागतो. रात्री या रस्त्यावर गुजरातकडे ये-जा करणारी अवजड वाहने असतात आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकी. अशा ठिकाणी आपल्या गाडीचा एक दिवा बंद असणे धोक्याचे, आणि भलताच बल्ब लावून समोरच्याचे डोळे दिपवणे त्याहून धोक्याचे.

बल्ब गेला की दुकानदार विचारतो, "साधा देऊ की जास्त पॉवरचा?" आपण मात्र आधी विचारायचे, "आमच्या गाडीला कोणता नंबर बसतो?" हा नंबर गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो, जुन्या बल्बच्या बुडावरही कोरलेला असतो. एच-४ बल्बला तीन पिना आणि दोन तारा असतात. एक जवळच्या उजेडाची, ५५ वॅटची, दुसरी लांबच्या उजेडाची, ६० वॅटची. एच-७ मध्ये ५५ वॅटची एकच तार असते. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मोटारीला १२ व्होल्टचा बल्ब लागतो, ट्रकला बहुधा २४ व्होल्टचा. म्हणून जुना बल्ब सोबत नेणे उत्तम.

शाळेत अंतर्गोल आरसा शिकवताना आम्ही हेडलाइटचेच उदाहरण देतो. दिवा आरशाच्या नाभीवर असेल तर झोत सरळ जातो, जरा सरकला की उजेड फाकतो. एच-४ मध्ये जवळच्या उजेडाच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश आरशाच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाशाची जागा आणि आकार बदलतो. आपल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ ही हेच सांगतो : पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला, डोळे न दिपवणारा हवा.

१०० वॅटच्या बल्बचा मोहही टाळावा. मूळ वायर आणि होल्डर एवढ्या भारासाठी केलेले नसतात. ते तापून वितळू शकतात.

बल्ब बदलताना दिवे बंद करून जुना बल्ब थंड होऊ द्यावा. नव्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसावे. मागचे रबरी झाकण नीट बसवावे, नाहीतर पावसाचे पाणी आत जाते. शक्यतो दोन्ही बल्ब एकदम बदलावेत. दोन्ही दिवे एकाच वेळी गेले असतील तर आधी फ्यूज पाहावा. काच पिवळी पडली असेल तर नव्या बल्बनेही उजेड वाढणार नाही. आधी काच साफ करून घ्यावी.

ईदला कोकणात गावी निघण्यापूर्वी मगरिबनंतर गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का, एवढे पाहून घ्या. कशेडी घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या गाडीतही कुणाची तरी मुलेबाळे बसलेली असतात. रस्ता दिसण्याचा हक्क त्यांनाही आपल्याइतकाच आहे.