स्कूटी दम धरत नाही? आधी कार्बोरेटरचा रबर बघा

आज विषय स्कूटीचा. आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी आता स्कूटीवरून फिरतात. कुणी बँक सखी आहे, कुणी आशाताई, कुणी डेअरीला दूध घालते, कुणी बाजाराच्या दिवशी पापड-शेवयांच्या पिशव्या पुढे ठेवून तालुक्याला जाते. गाडी चालवायला आपण शिकलो, पण ती बिघडली की गॅरेजच्या बाकड्यावर बसून आपण एवढंच विचारतो, "किती होतील?"

आज एकच बिघाड घेऊ. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही. हाताचा चोक असेल तर चोक दिला की चालते, काढला की बंद पडते. उभी असताना कधी रेस आपोआप वाढते, कधी गचकन बंद. अॅक्सिलरेटर पिळला की आधी दबते, मग उचलते, मधेच फट् असा आवाज येतो. ही सगळी लक्षणं एकत्र दिसली, तर इंजिनाच्या कामाला हो म्हणायच्या आधी एक जागा बघायची. ती म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा सांधा. गॅरेजात त्याला कुणी नुसतं रबर म्हणतं, कुणी मॅनिफोल्ड.

हा सांधा करतो काय? हवेची वाट अशी आहे: एअर फिल्टर, मग कार्बोरेटर, मग हा रबर, मग इंजिन. इंजिनातला पिस्टन खाली गेला की हवा ओढली जाते, आणि जाता जाता कार्बोरेटरमधून पेट्रोल बरोबर घेऊन जाते. प्रमाण ठरलेलं असतं, वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४ ते १५ भाग हवा. आता रबर सैल बसला किंवा त्याला चीर गेली, तर तिथून कोरी हवा आत शिरते. ती कार्बोरेटरमधून आलेलीच नसते, म्हणून तिच्यात पेट्रोल नसतं. भाजीत मीठ बरोबर घातलं आणि कुणी मागून तांब्याभर पाणी ओतलं, तसं होतं.

आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा सक्शन पाइप आठवा. सांध्याला फट राहिली की मोटर हवा घेते. बाहेर पाण्याचा थेंब गळत नाही, पण पाणी चढत नाही. इथेही पेट्रोल गळताना दिसेलच असं नाही. म्हणून प्लग बदलला जातो, कार्बोरेटर दोनदा धुतला जातो, पैसे जातात आणि दुखणं तिथंच.

बरेचदा रेसचा स्क्रू फिरवून गाडी चालती करून देतात. मला हे पटत नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन जास्त तापतं, आणि असंच फार दिवस चालवलं तर पिस्टनलाच इजा होऊ शकते. शिवाय बिनगिअरच्या गाडीची रेस वाढून राहिली तर हात सोडला तरी ती पुढे रेटते. मागे लेकरू बसलेलं आहे, समोर बैलगाडी आहे, अशा वेळी हा खेळ नाही.

तपासणी आपल्याला जमते. गाडी अंगणात, मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा. बंद पडवीत नको, धूर विषारी असतो. मागचं चाक फिरणार, म्हणून पदर खोचा, ओढणी बांधा, मुलांना लांब ठेवा. सायलेन्सरला हात लावू नका. बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर सीटखाली असतो. काहींना डिक्कीत लहान झाकण असतं, काहींची डिक्कीच काढावी लागते. गाडी सुरू करून रबराच्या दोन्ही टोकांवर साबणाच्या पाण्याचे थोडेच थेंब सोडा. औषधाची सुई काढलेली सिरिंज याला छान. थेंब पडताच आवाज बदलला, किंवा पाणी आत ओढलं गेलं, तर फट तिथेच आहे. रबर हाताने हलकेच दाबल्यावर आवाज बदलला तरी तोच अर्थ. पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडून बघायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही. गरम इंजिनावर ते पेट घेऊ शकतं.

आमच्या एका गटात मासिक बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं होतं, साडेचार हजार, 'इंजिन उघडायचंय' म्हणून. अध्यक्षताईंनी विचारलं, त्याने तपासलं काय? तिला सांगता येईना. बैठक संपल्यावर तिथल्या तिथे साबणाचं पाणी करून बघितलं, आणि आवाज बदलला. गाडीला आधी कधीतरी बाजारातला दुसरा कार्बोरेटर बसवला होता. दिसायला तसाच, पण त्याचं तोंड मूळच्यापेक्षा किंचित बारीक. रबर पकडेना म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. पेट्रोलने पट्टीचा गोंद विरघळला आणि फट पडली. मापाचा रबर आणि नवी क्लिप बसली, कर्जाचा अर्ज तिने मागे घेतला.

म्हणून माप महत्त्वाचं. दुकानात 'स्कूटीचा रबर द्या' म्हणू नका. गाडीचं मॉडेल, साल सांगा आणि जुना रबर हातात घेऊन जा. नवा घेताना दोन्ही शेजारी धरून तोंडाचा व्यास आणि बोल्टच्या भोकांचं अंतर बघा.

बसवण्याचं काम मेकॅनिककडे द्या, पण शेजारी उभ्या राहा. कार्बोरेटरचं तोंड आणि रबराची आतली बाजू पुसून कोरडी हवी. कार्बोरेटर रबरात शेवटपर्यंत, सरळ बसला पाहिजे. काहींना खाच असते, ती जुळली पाहिजे. मगच क्लिप आवळायची. इंजिनाच्या बाजूचं पॅकिंग किंवा ओ-रिंग नवीनच टाकायला सांगा. तिथले दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू गच्च आवळली तर पट्टी वाकते आणि दुसऱ्या बाजूने फट पडते. चिरलेल्या रबरावर एम-सील किंवा सिलिकॉन फासून देतो म्हटलं तर नको म्हणा. गाडीच्या हादऱ्याने ते सुटतं, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं.

रेसचा स्क्रू मात्र आता पुन्हा लावून घ्यावा लागेल, कारण आधी तो फटीच्या हिशेबाने फिरवलेला असतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींना कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. त्या घरी उघडू नका. जुन्या गाड्यांचा रबर इंजिनाच्या उष्णतेने कडक होत जातो, म्हणून सर्व्हिसिंगला दिली की तो वाकवून चिरा बघायला सांगा. नवीन बसवला असेल तर आठवड्याभराने क्लिप एकदा तपासून घ्या, रबर बसल्यावर ती थोडी सैल होते.