गृहमत्स्यालयातील जलचर वामन बेडूक : संगोपन आणि परिसरविचार

प्रस्तावना :

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबविण्याचे निर्देश दिले आणि मेणाच्या तबकात टाचण्यांनी जखडून पिढ्यान् पिढ्या अभ्यासला गेलेला बेडूक प्रयोगशाळेतून बाहेर पडला. ते योग्यच झाले. परंतु त्याच्या जागी जिवंत बेडूक निरीक्षणासाठी आला, असे मात्र सर्वत्र झाले नाही. आफ्रिकेतील जलचर वामन बेडूक घरच्या किंवा विभागाच्या लहान टाकीत पाळता येतो व ही उणीव काही अंशी भरून काढतो. प्रस्तुत लेखात त्याच्या संगोपनाचे विवेचन केले असून, पेण तालुक्यातील हमरापूरसारख्या भातशेती, विहिरी व तळ्यांच्या गावात अशी टाकी ठेवताना कोणती जबाबदारी येते, याकडे विशेष लक्ष वेधले आहे.

ओळख व शरीररचना :

हायमेनोकायरस प्रजातीतील हे बेडूक पिपिडी कुलातील असून त्यांची लांबी साधारणतः 3 ते 4 सेंमी असते. या कुलातील बेडकांना जीभ नसते. आपल्या शेतातील बेडूक जीभ फेकून कीटक टिपतो. हा मात्र तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. आयुष्यभर पाण्यात राहूनही त्याचे श्वसन मुख्यत्वे फुफ्फुसांनी होते, म्हणून ठरावीक अंतराने त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. माशांप्रमाणे पाण्याची हालचाल जाणणारी पार्श्वरेषा संस्था प्रौढावस्थेतही टिकून असते. एवढी वैशिष्ट्ये एकाच लहान प्राण्यात विद्यार्थ्यास डोळ्यांनी पाहता येणे, हे विच्छेदनाच्या तबकात कधीच शक्य नव्हते.

खरेदी करताना एक घोटाळा हमखास संभवतो. याच कुलातील झेनोपस लेव्हिस हा मोठा बेडूक लहानपणी जवळजवळ असाच दिसतो. वामन बेडकाच्या चारही पायांना पडदे असतात. झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटे सुटी असतात व डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात. झेनोपसची मादी 10 सेंमीहून मोठी होते आणि टाकीतील लहान मासे फस्त करते. पुढचे पाय पाहिल्याखेरीज बेडूक घेऊ नये.

संगोपन :

तीन-चार बेडकांसाठी सुमारे 40 लिटरची टाकी पुरते. पाणी उथळ, म्हणजे 15 ते 30 सेंमी असावे, कारण श्वासासाठी वर येण्याचे अंतर कमी हवे. तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस उत्तम. कोकणातील मे महिन्यात टाकी घरातील सर्वांत गार कोपऱ्यात हलविणे भाग पडते. वर जाळीचे झाकण आवश्यक आहे, कारण बाहेर पडलेला बेडूक काही तासांतच वाळून मरतो. वीज गेल्यास माशांइतकी चिंता नसते. हवा घेणारा प्राणी पंप बंद पडल्याने लगेच गुदमरत नाही.

पाण्याची बाब अधिक नाजूक आहे. बेडकाची त्वचा विद्राव्य पदार्थ सहज शोषते. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते, त्या पाण्यातील क्लोरीन त्यास घातक ठरते. असे पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून किंवा क्लोरीननाशक वापरून मगच भरावे. हमरापूर परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वपरिचित आहे. रंगाचे फवारे व प्लास्टरची धूळ पाण्यावर बसते, तेव्हा कारखान्याला लागून असलेल्या पडवीत टाकी नकोच.

खाद्य म्हणून गोठविलेले ब्लडवर्म व डॅफ्निया एक दिवसाआड द्यावेत. दृष्टी कमजोर असल्याने हा बेडूक अन्न वासाने व स्पर्शाने शोधतो. चपळ माशांसोबत ठेवल्यास तो उपाशी राहतो. टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य मानावे. अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात याच बेडकांमुळे साल्मोनेला संसर्गाची मोठी साथ उद्भवली व रुग्णांत बहुसंख्य लहान मुले होती.

टाकीबाहेरचा प्रश्न :

खरी चिंता मात्र टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाण्याची आहे. उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी क्षारांचे संतुलन बिघडवून त्यांना मारते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे किमान 501 उभयचर प्रजातींची संख्या घटली व त्यांपैकी 90 नामशेष झाल्याचे मानले जाते. तिच्या प्रसारात जिवंत बेडकांच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे आणि वामन बेडकांच्या व्यापारातही ती आढळली आहे.

ही बुरशी आपल्याकडे नाही, असे मात्र समजू नये. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांवर तिचा आशियाई वाण आढळल्याचे संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या मते म्हणूनच वेगळी काळजी अनावश्यक ठरते. प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद पटत नाही. स्थानिक वाणासोबत येथील बेडूक दीर्घकाळ नांदले असतील, परंतु परदेशातून आलेल्या अधिक घातक वाणाची गोष्ट वेगळी आहे.

बेडूक सोडून देण्याबाबत तर उदाहरण आपल्याच देशातील आहे. कोकणातील शेतांत पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक अंदमान बेटांवर पोहोचला आणि तेथे आक्रमक परकी प्रजाती ठरला. त्याचे भैकेर स्थानिक बेडकांचे भैकेर खातात. वामन बेडूक तसा ठरेलच असे नाही, पण तो खाचरात सोडून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये. नको झालेला बेडूक विक्रेत्याकडे परत करावा किंवा दुसऱ्या पालकास द्यावा. बदललेले पाणी उकळून, अथवा ब्लीचिंग पावडर मिसळून काही तास ठेवल्यावर शौचकुपीत ओतावे. भाताच्या खाचरात, विहिरीच्या ओट्यावर किंवा गटारात नव्हे. जाळी, वाळू व नळ्या कडक उन्हात पूर्ण वाळविल्यास बुरशी तग धरत नाही. पावसाळ्यात ऊन मिळेनासे झाले की त्याही उकळत्या पाण्यातूनच काढाव्यात.