खडकात रोवलेली खुंटी

४ फेब्रुवारी १८४६. न्यूयॉर्कच्या बंदरातून 'ब्रुकलिन' नावाचं शिडाचं जहाज निघालं. जहाजावर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे सुमारे २३८ लोक होते आणि त्यांत मुलंच शंभराच्या आसपास. जहाजाच्या पोटात नांगर, गिरणीचं सामान, शाळेची पुस्तकं आणि एक छापखाना. माणूस परत येणार असेल तर छापखाना बरोबर नेत नाही. ही मंडळी न्यूयॉर्क कायमचं सोडून चालली होती. केप हॉर्नला वळसा घालून, हवाई बेटांवर थांबून, जवळपास सहा महिन्यांनी ३१ जुलैला ती येर्बा बुएनाला उतरली. आज त्या गावाला सॅन फ्रान्सिस्को म्हणतात. वाटेत काही जण गेले, दोन बाळं जन्मली. आईबापांनी एकाच्या नावात 'अटलांटिक' घातलं, दुसरीच्या नावात 'पॅसिफिक'.

जहाज निघालं त्याच दिवशी इलिनॉयमधल्या नॉवू गावातून पहिल्या मॉर्मन बैलगाड्या पश्चिमेकडे निघाल्या होत्या. दीड वर्षापूर्वी, २७ जून १८४४ रोजी, त्यांच्या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला जमावाने तुरुंगात घुसून ठार केलं होतं. अमेरिकेत राहून आपल्याला न्याय मिळणार नाही, असं ठरवून एक अख्खा समाज देशाच्या सीमेबाहेर निघाला होता. न्यूयॉर्क शहरातल्या मॉर्मनांची कथा अशी जाण्यापासून सुरू होते आणि पुढची शंभरेक वर्षं ती जाण्याचीच राहते.

खरं तर हा पंथ न्यूयॉर्क राज्यातलाच. शहरापासून शेकडो किलोमीटर दूर, राज्याच्या पश्चिम भागातल्या पामायरा गावात मार्च १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाच्या पाच हजार प्रती छापल्या गेल्या आणि ६ एप्रिलला जवळच्या फेएटमध्ये चर्चची स्थापना झाली. दोन वर्षांनी जोसेफ स्मिथ दुकानासाठी माल घ्यायला निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर मॅनहॅटनला आला. तिथून त्याने पत्नी एमाला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. प्रचंड इमारती बघून थक्क झालेला आणि घरी बाळंतपणाला टेकलेल्या बायकोच्या काळजीने कासावीस झालेला सव्वीस वर्षांचा खेडवळ तरुण त्यात दिसतो. १८३७ मध्ये पार्ली प्रॅट हा प्रचारक इथे आला. त्याने 'अ व्हॉइस ऑफ वॉर्निंग' हे पुस्तक इथेच छापून घेतलं. पण सुरुवातीच्या सहा महिन्यांच्या मेहनतीनंतर त्याच्या हाती जेमतेम मूठभर माणसं लागली होती.

जी लागत ती राहत नसत, कारण त्या काळी मॉर्मन होणं म्हणजे एकत्र येणं, आणि एकत्र येण्याची जागा होती पश्चिमेला, पुढे मुख्यतः युटामध्ये. इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कमधून नवदीक्षित कुटुंबं जहाजाने न्यूयॉर्कला उतरत, कॅसल गार्डनच्या नोंदणीकेंद्रात नाव सांगत आणि पुढचा रस्ता धरत. प्रचारक मात्र जगभर पांगले होते. ह्यू फिंडली नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीपर्यंत पोचला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिथेही ज्यांनी ऐकलं ते मोजकेच. युटाला निघालेल्या कुटुंबांसाठी न्यूयॉर्क ही धर्मशाळा होती. धर्मशाळेत कोणी घर बांधत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चनेच सांगायला सुरुवात केली, की आता युटाला येऊ नका, आहात तिथेच पंथ उभा करा. त्याच सुमारास युटाची तरुण पोरं उलट्या दिशेने निघाली. कोणी कोलंबिया विद्यापीठात शिकायला, कोणी नोकरीला, कोणी चित्रकला शिकायला. मॉर्मनांना युटाला नेणाऱ्या ब्रिगहॅम यंगचा नातू, शिल्पकार महोन्री यंग, इथल्याच आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकला. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्क 'स्टेक'ची स्थापना झाली. अमेरिकेच्या पूर्व भागात एकोणिसाव्या शतकानंतरचा हा पहिला स्टेक.

हा शब्द समजून घेण्यासारखा आहे. स्टेक म्हणजे खुंटी, तंबूची. यशया संदेष्ट्याने सियोनला तंबू कल्पून त्याच्या दोऱ्या लांबवायला आणि खुंट्या घट्ट रोवायला सांगितलं, त्यावरून तो आला. अनेक 'वॉर्ड' मिळून एक स्टेक होतो. वॉर्ड म्हणजे एका ठरावीक हद्दीतल्या मॉर्मनांची मंडळी. कुठल्या वॉर्डात जायचं हे आवडीवर नसतं, पत्त्यावर असतं. त्यामुळे एकाच हद्दीतला वॉल स्ट्रीटचा वकील आणि हॉटेलात भांडी घासणारा स्थलांतरित एकाच बाकावर बसतो. भाषेसाठी आणि अविवाहित तरुणांसाठी वेगळ्या मंडळ्या असतात, हा अपवाद.

आणि वॉर्डात पगारी पुरोहित नसतो. बिशप हा दिवसा नोकरी करणारा माणूस, काही वर्षांसाठी नेमलेला. मुलांचा वर्ग घेणं, पियानो वाजवणं, कुणी आजारी पडलं तर घरी जेवण पोचवणं, नवीन कुटुंबाचं सामान चौथ्या मजल्यावर चढवणं, सगळं सभासदांनीच करायचं. उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला. महिन्यातून एक दिवस उपास आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंना. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. न्यू जर्सीत शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणेशोत्सव करणाऱ्या मराठी माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की हे दर आठवड्याला, न चुकता.

१९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात चर्चने फ्लशिंग मेडोज इथे युटातल्या सॉल्ट लेकच्या मंदिरासारखी दर्शनी बाजू असलेलं दालन उभारलं. लाखो लोक ते पाहून गेले, प्रचारकांना हजारो नवे पत्ते मिळाले. १९७५ मध्ये लिंकन सेंटरसमोर, कोलंबस अव्हेन्यू आणि पासष्टाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, चर्चची बहुमजली इमारत झाली. तरीही शहरातले मॉर्मन मुख्यतः युटाहून आलेले गोरे लोकच होते, आणि त्यातले बरेच चारदोन वर्षांत मुलं झाली की उपनगरात जाणारे.

त्याचं एक कारण चर्चच्या आतच होतं. इतर सभासद पुरुषांना सर्रास मिळणारं बिनपगारी पुरोहितपद जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना मिळत नव्हतं आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना मंदिरातले मुख्य विधी करता येत नव्हते. हा अन्याय होता, आणि ज्या शहरात हार्लेमसारखी कृष्णवर्णीयांची वस्ती आहे तिथे त्या नियमासह पंथ वाढणं शक्यच नव्हतं. नियम बदलला, तरी विश्वास बसायला वीस वर्षं गेली. १९९७ मध्ये हार्लेमची शाखा सुरू झाली ती सिल्व्हियाज या प्रसिद्ध उपाहारगृहातल्या एका जागेत. ज्या टेबलांवर तळलेली कोंबडी वाढली जाते तिथे रविवारी पाव आणि पाण्याचा प्रसाद वाटला जाऊ लागला. (मॉर्मन द्राक्षारसाऐवजी पाणी घेतात.) आठ वर्षांनी, २००५ मध्ये, लेनॉक्स अव्हेन्यूवर त्यांची स्वतःची विटांची इमारत झाली.

याच काळात क्वीन्स, ब्राँक्स आणि ब्रुकलिनमध्ये स्थलांतरितांच्या मंडळ्या वाढल्या. डॉमिनिकन, इक्वेडोरी, हैतीचे, घाना-नायजेरियाचे, चिनी. पांढरा शर्ट, काळी नावपट्टी लावून जोडीने फिरणारे एकोणीस-वीस वर्षांचे प्रचारक त्यांच्या दारांवर पोचले होते. हे तरुण स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पैशाने येतात, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पण माणसं टिकली ती प्रचारकांमुळे नव्हे, असं माझं मत आहे. नव्या देशात, नव्या भाषेत, पहिल्याच महिन्यात कुणीतरी तुमच्यावर काम सोपवतं, 'हा वर्ग तुम्ही घ्या' म्हणतं, तेव्हा परका माणूस परका राहत नाही. गरज असल्याची जाणीव मदतीपेक्षा मोठी असते.

ऑगस्ट २००२ मध्ये मॅनहॅटन मंदिराची घोषणा झाली. जमीन शोधली नाही, लिंकन सेंटरसमोरच्या त्याच इमारतीचे काही मजले मंदिरासाठी घेतले. १३ जून २००४ रोजी चर्चचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी त्याचं अर्पण केलं. ते चर्चचं ११९वं कार्यरत मंदिर. आदल्या संध्याकाळी रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये परिसरातल्या हजारो मॉर्मन मुलामुलींनी नाच-गाण्यांचा कार्यक्रम केला. त्याच वर्षी इमारतीच्या माथ्यावर कर्णा फुंकणाऱ्या मोरोनी देवदूताचा सोनेरी पुतळा बसला. ज्या शहरातून जहाज भरून माणसं निघून गेली होती, त्या शहराच्या मधोमध.

२४ मार्च २०११ रोजी ब्रॉडवेवर 'द बुक ऑफ मॉर्मन' हे त्यांची टर उडवणारं संगीतनाटक सुरू झालं आणि नऊ टोनी पुरस्कार घेऊन गेलं. चर्चने ना मोर्चा काढला, ना बंदी मागितली. पुढे त्याच नाटकाच्या माहितीपुस्तिकांमध्ये आपल्या मूळ ग्रंथाच्या जाहिराती दिल्या. श्रद्धेची थट्टा झाली की काय करावं, याचं इतकं शांत उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

सगळं गोड आहे असं नाही. स्त्रियांना आजही पुरोहितपद नाही. समलैंगिक तरुणांची या चर्चमध्ये घुसमट होते. घरभाडी परवडत नसल्याने तरुण कुटुंबं अजूनही निघून जातात, आणि वॉर्डाला दर उन्हाळ्यात नवे शिक्षक, नवे वादक शोधावे लागतात.

न्यूयॉर्कला गेलात तर मंदिर बाहेरूनच बघावं लागेल, कारण अर्पण झालेल्या मंदिरात चर्चची परवानगी असलेल्या सभासदांनाच प्रवेश असतो. त्यापेक्षा एखाद्या रविवारी हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यू आणि एकशे अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जा. तिथली सभा सगळ्यांना खुली असते.