फोनवरून तांदूळ विकताना वही कशी ठेवावी



आंबागडच्या किल्ल्याखालच्या बांध्यांत चिन्नोर पिकवणाऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. दाणा बारीक, भाताला वास, आणि धान उशिरा हाती येणारा. तुमसरच्या बाजारात नेला की एकदाच काटा होतो, पट्टी होते, पैसे घेऊन माणूस घरी येतो. पण आता दुसरीही वाट उघडली आहे. नागपूर-पुण्याला नोकरीवर असलेला भाचा घरच्या तांदळाचा फोटो आपल्या ओळखीच्यांना पाठवतो आणि आठ दिवसांत दहा जणांचे निरोप येतात, "आम्हालाही पाच-पाच किलो धाडा." दुकान नाही, फळी नाही, दलाल नाही. फोनवर मागणी, फोनवर पैसे, टपालाने माल.

हा धंदा चांगला आहे. पण तो कोठे फसतो हे आधी ध्यानात घ्या. तांदूळ वाईट निघाला म्हणून तो सहसा फसत नाही, दिलेला शब्द विसरला म्हणून फसतो. समजा, रोवणी लागली आहे. तुम्ही पोटरीभर चिखलात उभे आहात, हातात पऱ्ह्यांची पेंढी आहे, आणि खिशातला फोन वाजतो. नागपूरच्या बाई विचारतात, "दोन थैल्या मिळतील का?" तुम्ही म्हणता, "हो जी, धाडतो." बाई त्याच मिनिटाला पैसे टाकतात. संध्याकाळी घरी येईस्तोवर त्या निरोपावर सोयऱ्यांचे, गावच्या गटाचे आणि पावसाच्या बातमीचे चाळीस निरोप चढलेले असतात. पंधरा दिवसांनी बाईंचा फोन येतो आणि तुम्हाला काही आठवत नाही. त्या बाईंच्या मनात तुम्ही विसराळू ठरत नाही, लबाड ठरता. शिवाय ज्या भाच्याच्या शब्दावर त्यांनी पैसे पाठवले, त्याचीही मान खाली जाते.

म्हणून पहिली गोष्ट, एक जाड पुठ्ठ्याची वही आणा. एकच. मुलाच्या वहीची मागची पाने नकोत आणि कॅलेंडरवरच्या खुणाही नकोत. प्रत्येक मागणीला ओळीने नंबर द्या. त्यापुढे तारीख, नाव, फोन, पूर्ण पत्ता, थैल्या किती, पैसे कोणत्या तारखेला आले, माल कोणत्या तारखेला गेला आणि टपालाच्या पावतीचा नंबर. शेवटचे दोन रकाने रिकामे दिसले की काम बाकी आहे, हे न वाचताही कळते. माल पोचल्याचा निरोप आला की त्या ओळीवर आडवी रेघ मारा. आपल्या बचत गटाच्या बाया दर बैठकीला अशीच नोंद ठेवतात, रुपया-रुपयाची. घरात अशी कोणी असेल तर वही तिच्याच हाती द्यावी, असे आमचे मत आहे. मात्र मग फोनवर 'हो' म्हणण्याचा अधिकारही तिचाच. एकाने कबूल करायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, यात हमखास घोटाळा होतो.

पत्ता लिहिताना सहा आकडी पिन विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो एकाच नावाची गावे आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यांचा गोंधळ मिटावा म्हणूनच. पहिला आकडा ४ म्हणजे आपला पश्चिमेकडचा विभाग, आणि ४४ ने सुरू होणारे पिन आपल्या विदर्भातले. ग्राहक नागपूरचा म्हणतो आणि पिन ४११ ने सुरू होतो, तर तो पुण्याचा आहे. पुन्हा विचारा.

आता वहीचे पहिले पान. ते मागण्यांचे नाही, मालाचे आहे, आणि बहुतेक जण नेमके तेच लिहीत नाहीत. तुमच्याजवळ विकायला आहे किती? समजा, चुरणे होऊन १२ क्विंटल चिन्नोर धान घरी आला. घरची खाई, लेकीकडे धाडायचा, आणि बियाणे मिळून ४ क्विंटल बाजूला काढले. उरले ८. सरकारी हिशेबात एका क्विंटल धानाचे ६७ किलो तांदूळ धरतात, पण त्यात तुकडाही असतो. तुम्ही थैलीत साबूत दाणा भरणार. म्हणून आधी एकच क्विंटल भरडून आणा आणि तांदूळ व कनकी वेगवेगळी तोला. ६० किलो साबूत निघाला असे धरू. मग ८ क्विंटलांचे ४८० किलो, म्हणजे पाच-पाच किलोच्या ९६ थैल्या. पहिल्या पानावर ९० लिहा. सहा हाताशी ठेवा, कारण एखादी थैली वाटेत फाटेल, एखादी ओली होऊन परत येईल. ज्या दिवशी मागण्यांची बेरीज ९० होईल, त्या दिवशी 'यंदाचा संपला' असे सांगा. त्यावेळी शेजाऱ्याकडचा दुसरा बारीक तांदूळ घेऊन चिन्नोर म्हणून थैली भरण्याचा मोह होतो. ते करू नका. चिन्नोर खाणाऱ्याला भात शिजतानाच फरक कळतो. पलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नावही आपल्या थैलीवर छापायचे नाही.

सगळा धान एकदम भरडून ठेवू नये. धान सालीत टिकतो. भरडल्यावर वास लवकर उडतो आणि सोंडे लागतात. धान चांगला वाळवून, १४ टक्क्यांच्या आत ओलावा आणून ठेवा, आणि वहीतल्या मागण्या पाहून दर पंधरा दिवसांनी लागेल तेवढाच भरडा. त्यासाठीही वही लागतेच. एक इशारा येथेच देतो. किडीसाठी धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या घरात, कणगीत किंवा थैलीत मुळीच ठेवू नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावली आहेत.

वेळेचे म्हणाल तर, दिवसभर फोन उचलत बसणारा शेतकरी ना शेताचा राहतो ना धंद्याचा. दिवेलागणीनंतरचा एक तास ठरवा. त्या तासात निरोप वाचायचे, उत्तरे द्यायची, वही लिहायची. व्हॉट्सॲप बिझनेस नावाचे फुकट ॲप आहे. त्यात 'सध्या शेतात आहे, संध्याकाळी ७ नंतर उत्तर देतो' असे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवता येते. शहरचा माणूस त्याने रागावत नाही, उत्तर कधी मिळेल हे कळल्यावर थांबतो. दिवसा फोन आलाच तर "संध्याकाळी पाहून सांगतो जी" एवढेच म्हणा. वहीत पाहिल्याशिवाय कोणालाही हो म्हणू नका, मामाच्या पोरालाही नाही.

माल पाठवण्याचाही वार ठरवावा. ज्या दिवशी तुमसरला जाणे होतेच, तोच वार धरा. एका थैलीसाठी रोज पोस्टात चक्कर मारली तर नफा पेट्रोलातच जाईल. भाव सांगण्याआधी पोस्टात एक भरलेली थैली तोलून दर विचारून घ्या, आणि तांदळाचा भाव व टपालखर्च वेगवेगळे सांगा. थैली दुहेरी शिवा. आतल्या पाकिटावर वजन, किंमत, भरल्याची तारीख, तुमचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन लिहा. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि जीएसटी तुम्हाला लागू होते का, विशेषतः राज्याबाहेर माल धाडायचा असेल तर, हे जाणकाराला आधीच विचारा. स्पीड पोस्टच्या पावतीवर दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन' असा नंबर असतो. तो त्याच रात्री वहीत चढवा आणि ग्राहकाला कळवा. 'माझा माल कुठे आहे?' असे विचारणारे निम्मे फोन तेवढ्यानेच बंद होतात.

पैशाचे. या धंद्यासाठी बँकेत वेगळे खाते उघडा. खत, किराणा आणि तांदूळ एकाच खात्यात गेले की वर्षअखेरी काय उरले ते देवालाही सांगता येणार नाही. भरडाई, थैल्या, टपाल, येणे-जाणे, सगळे वहीच्या मागच्या बाजूने लिहीत चला. पैसे आल्याचा फोटो कोणी पाठवला तरी त्यावर विसंबू नका, आपल्या खात्यात जमा दिसले तरच नंबर द्या. आणि टपालाचा पिन खुशाल सांगा, पण फोनवरच्या पैशाचा पिन कोणालाही नाही. पैसे घेण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगत असेल तर तो पैसे काढून घेतो आहे. फसगत झालीच तर लाजून बसू नका, तडक १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

चूक तुमच्याकडूनही होईल. थैली उशिरा गेली तर ग्राहकाचा फोन येण्याआधी आपण करावा, आणि तो परत मागत असेल तर पैसे त्याच तासात परत करून वहीत लाल शाईने लिहावे.

तांदूळ संपल्यावर वही कपाटात टाकू नका. शेवटची चार पाने कोरी राखा. 'पुढच्या साली कळवा' म्हणणाऱ्यांची नावे तेथे लिहा, प्रत्येकाला किती थैल्या हव्यात त्यासह. जूनमध्ये पऱ्हे टाकण्याआधी त्या पानांची बेरीज करा, म्हणजे यंदा किती बांध्यांत चिन्नोर लावायचा आणि किती बांध्यांत दुसरा धान, ते ठरवता येईल.