तालुक्याचे मैदान : धाराशिवच्या शालेय क्रीडा स्पर्धांचा आढावा

हल्ली आपल्या जिल्ह्यातल्या शालेय खेळांवर कुणी बोलायला उभे राहिले, की सुरुवात खो-खोपटू सारिका काळे यांच्या २०२० च्या अर्जुन पुरस्कारापासून होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातल्या अश्विनी शिंदेचे नाव घेतले, की भाषण आटोपते. या दोघींचा मला मनापासून अभिमान आहे. पण तालुक्याच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात हरून संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतलेल्या पोरींना या इतिहासात जागाच मिळत नाही. त्या नसत्या तर पुढच्या दोघीही घडल्या नसत्या. हे म्हणणे मी आयुष्यभर धरून आहे आणि हा आढावा त्याच अंगाने लिहिणार आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. निजामी राजवटीत माध्यमिक शाळा बोटांवर मोजण्याइतक्या आणि शिक्षण उर्दूतून. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले. पण गावोगावी हायस्कुले उभी राहिली ती १९४८ च्या मुक्तीनंतरच. १९५४ मध्ये देशपातळीवर शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय ही उतरंड हळूहळू पक्की झाली. पुढे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील हे तीन वयोगटही रुळले.

१९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके गेले, तेव्हा आपल्या क्रीडा शिक्षकांत हळहळ होती. जिल्ह्याची ताकद निम्मी झाली, असे जाणकार म्हणत. मला ते तेव्हाही पटले नव्हते. परंड्याच्या किंवा भूमच्या मुलींना उदगीरला सामना असला तर एक मुक्काम पडायचा, आणि मुक्काम म्हटला की निम्म्या घरांतून नकार यायचा. जिल्हा आटोपशीर झाला तशी सकाळी निघून रात्री घरी पोचण्याची सोय झाली. मुलींचे संघ वाढण्यामागे या साध्या गोष्टीचा मोठा वाटा आहे, आणि तिची दखल कुणी घेतलेली नाही. आता तालुके आठ आहेत, आणि जिल्ह्याचा विजेता लातूर विभागात लातूर-नांदेडच्या संघांशी झुंजतो.

कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा या सगळ्यांत आपली मुले राज्यापर्यंत पोचली. भूम-परंड्याकडच्या तालमींवर लिहिणारे अधिकारी लोक आहेत, ते काम त्यांनी करावे. माझा जीव मुलींच्या खो-खोत गुंतलेला आहे.

या जिल्ह्यात खो-खोच का रुजला? काही शहरी जाणकार म्हणतात, खेड्यातल्या मुली जन्मतःच काटक असतात. हे कौतुक ऐकून मला राग येतो, कारण त्यात पोरींची मेहनतही पुसली जाते आणि त्यांच्या सरांची अक्कलही. दुष्काळी तालुक्यातल्या शाळेकडे चेंडूला पैसे नव्हते, जाळीला नव्हते, पण दोन खांब आणि फक्कीची एक पिशवी कुठेही मिळायची. उंचीची अट नाही, महागडे साहित्य नाही. आठ मुली पाटीत बसवायच्या, नववीने पाठलाग करायचा, की वर्गातल्या बहुतेक मुली एकदम खेळात येतात. मुलींना शाळेच्या आवाराबाहेर न पाठवता तासाभरात खेळवता येईल असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

शिवाय या खेळात डोके लागते. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मध्यरेषा ओलांडता येत नाही. त्यामुळे खो कधी द्यायचा, हूल कुठे द्यायची, खांबाजवळ धावणारीला कोंडीत कसे आणायचे, याचा निर्णय पापणी लवायच्या आत घ्यावा लागतो. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी सातवीतली मुलगी तीन-तीन मिनिटे एकेरी साखळीत पळताना मी पाहिली आहे. सूर मारून खांबापाशी गडी टिपल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येते, ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात उमटत नाही. मातीच्या मैदानावर गुडघे सोलवटायचे, सर हळद लावायचे आणि पोरगी पुढच्या डावाला पुन्हा पाटीत बसायची.

सारिका काळे याच वाटेने आल्या. घरची परिस्थिती बेताची होती. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि सुवर्णपदक आणले. खो-खोला २२ वर्षांनी अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या रूपाने, आणि पुढे त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागल्या. खेळून नोकरी मिळते हे इथल्या आईबापांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. शासनाच्या खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाचा कागद जे करू शकला नव्हता, ते एका मुलीने केले. २०२२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या तुळजाभवानी स्टेडियमवर झाली, तेव्हा तिथे बसलेल्या शाळकरी पोरींना हे सारे आपल्या घरचे वाटत होते.

हे सगळे एका प्रशिक्षकाचे यश आहे, असा एक पक्ष आहे. डॉ. चंद्रजित जाधव यांनी धाराशिवमध्ये मुली घडवल्या, वर्षानुवर्षे मैदान सोडले नाही. त्यांचे ऋण कुणी नाकारू नये. पण प्रशिक्षकापुढे मुलगी येते कशी? तालुक्याच्या स्पर्धेत कुणीतरी तिचा पाय हेरतो, शाळेतला पी.टी.चा शिक्षक घरी जाऊन वडिलांची समजूत घालतो, तेव्हा ती जिल्ह्याच्या गावी सरावाला पोचते. ही साखळी तुटली तर शहरातल्या उत्तम प्रशिक्षकाचाही हात रिकामा राहील.

आणि ती तुटते आहे. शालेय स्पर्धांतल्या खेळांची यादी नव्वदच्या आसपास गेली. त्यातल्या कित्येक खेळांचे नाव तालुक्यातल्या कुठल्याच शाळेने ऐकलेले नसते, पण दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी तिथे संघ उभे राहतात. क्रीडा शिक्षकाची जागा रिकामी झाली की भरली जात नाही, मग गणिताचे किंवा मराठीचे सर मुलींना घेऊन येतात. जिल्ह्याला मॅट आली, गावात मातीच राहिली. मातीवर वाढलेल्या मुलीला मॅटवर पायाची पकड सापडेपर्यंत तिचा डाव संपलेला असतो.

सर्वांत मोठे दुखणे बाद पद्धतीचे आहे. तालुक्याच्या सगळ्या वयोगटांच्या स्पर्धा कशाबशा दिवसभरात उरकतात. वर्षभर घाम गाळलेला संघ एक सामना हरला की त्याचे वर्ष संपले. कुणाला बाय मिळते, कुणाला समोरचा संघ न आल्याने पुढे चाल. कळंब, वाशी, भूमकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुली तर दसऱ्यानंतर फडावर जातात. त्यांच्या वाट्याला पावसाळ्यातला तो एकच सामना येतो. एका सामन्यावर कुणाची पारख होते?

म्हणून चौदा वर्षांखालील मुलींच्या तालुका स्पर्धा साखळी पद्धतीने घ्या, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो. दरवेळी खर्चाचे आणि वेळेचे कारण पुढे आले. ते मला मान्य नाही. तालुक्यात चार-पाच केंद्रे करा, जवळच्या शाळांना आपसांत खेळू द्या. सात-सात मिनिटांचे डाव शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सहज बसतात. पंच म्हणून जुन्या खेळाडू मुली आता गावोगावी आहेत, त्यांना बोलवा. प्रत्येक मुलीला हंगामात निदान पाच सामने मिळाले पाहिजेत. एवढे झाले तर जिल्ह्याच्या निवड समितीपुढे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पारखलेल्या मुली उभ्या राहतील. धाराशिवला पुढचा अर्जुन पुरस्कार हवा असेल, तर पहिला पैसा त्या केंद्रांच्या फक्कीवर, खांबांवर आणि मुलींच्या बुटांवर खर्च व्हावा.