मुक्या सोबत्यांसाठी वेळेचे अंदाजपत्रक

शहरांतील मध्यमवर्गीयांची घरे लहान होत गेली आणि त्याच काळात त्या घरांत कुत्र्या-मांजरांना मात्र प्रवेश मिळत गेला, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट आहे. वाड्यात किंवा खेड्यातील घरात कुत्रे अंगणात असे, मांजर माळ्यावर असे. त्यांच्या व्यायामाची वा विरंगुळ्याची चिंता कोणी करीत नसे, कारण ती सोय परिसरच विनामूल्य करीत असे. सदनिकेला अंगण नाही. साहजिकच अंगण जे देत होते ते सर्व आता मालकाने पुरवावयाचे असते. प्राणी घरी आणताना त्याच्या किमतीची आणि खाण्याच्या खर्चाची चर्चा होते. त्याला लागणाऱ्या वेळेची होत नाही.

हा दोष दाखविताना मी स्वतःला वगळू शकत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरी सहा वर्षांचा मोती होता. घरातील चौघेही दिवसभर त्याच्या समोर, तेव्हा त्याची चैनच आहे, असा आमचा समज झाला. प्रत्यक्षात त्याच्या दोन लांब फेऱ्यांची जागा इमारतीभोवतीच्या एका वळशाने घेतली होती. तो अस्वस्थ होऊन जवळ आला की प्रत्येक जण त्याला एक बिस्कीट देई. ऑनलाइन तास घेताना त्याने भुंकू नये म्हणून सर्वांत अधिक बिस्किटे मीच दिली, हे कबूल केले पाहिजे. काही महिन्यांत जिना चढताना त्याला धाप लागू लागली. पशुवैद्यकांनी त्याचे वजन केले आणि औषध लिहून देण्याऐवजी बिस्किटे बंद करावयास सांगितली. तो वेळ मागत होता आणि आम्ही खाऊ देत होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा चुकीचा विनिमय लवकर ध्यानात यावयास हवा होता.

वास्तविक यासाठी फार वेळ लागतो असेही नाही. कुत्र्याला दिवसातून दोनदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, बाहेर न्यावे आणि वाटेत थांबून हुंगू द्यावे. वास घेणे हेच त्याचे वर्तमानपत्र वाचणे होय. मुसळधार पावसामुळे वा आजारपणामुळे बाहेर पडणे अशक्य झाले, तर त्याच्या रोजच्या आहारातील काही घास खोल्यांतून लपवून ते शोधावयास लावावेत. पंधरा मिनिटांचा असा शोधही त्याला गुंतवून ठेवतो. मांजराला जमिनीपेक्षा उंचीचे महत्त्व अधिक. कपाटावरील मोकळी जागा, जाळी बसविलेली खिडकी, नखे घासण्यासाठी गोणपाट गुंडाळलेली फळी आणि जेवणापूर्वी दोरीमागे धावण्याचा खेळ एवढ्यावर ते समाधानी असते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे व मनुका कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. ती त्याला विषासमान आहेत. घरातच राहणाऱ्या प्राण्याची नखे पुरेशी झिजत नाहीत, म्हणून ती वेळोवेळी कापावीत. रेबीजची लसही, प्राणी घराबाहेर जात नाही या सबबीवर, टाळू नये. आणि सदैव माणसांत राहिलेल्या प्राण्याला एकटे ठेवण्याची वेळ आली, तर ती सवय हळूहळू, दहा-दहा मिनिटांपासून लावावी.

या बाबतीत कायदाही मूक नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहानंतर १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने हयगय करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा होता. या रकमेने आज कोणाला धाक बसेल, हे सांगावयास नको. तथापि, दंड वाढविल्याने सकाळची फेरी घडेल, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. गृहनिर्माण संस्थांनी कुत्र्याला उद्वाहनात मज्जाव करावयाचा आणि मालकाने आवारातील घाण न उचलता पुढे जावयाचे, अशी दोन्हीकडून अडवणूक चालू राहिली, तर तिचा भुर्दंड अखेर त्या मुक्या जिवालाच पडतो.

म्हणून मुलाच्या वाढदिवसासाठी पिल्लू आणण्यापूर्वी कुटुंबाने पैशांबरोबर वेळेचेही अंदाजपत्रक मांडावे. जुलैच्या पावसात पहाटे सहाला कोण जाणार, परीक्षेच्या दिवसांत कोण, गावी गेल्यावर कोण, ही नावे कागदावर लिहावीत. आज हट्ट मुलांचा असतो आणि फेरी बहुधा आईच्या वाट्याला येते. हा अलिखित करार आधीच उघड झालेला बरा. कागद कोरा राहिला, तर पिल्लू न आणणे हीच भूतदया होय.

मोती आता वृद्ध झाला आहे. त्याची फेरी मंदावली असून एकेका झाडापाशी तो बराच वेळ रेंगाळतो. त्या अर्ध्या तासात माझ्या हातून दुसरे कोणतेही काम होत नाही. तो वेळ वाया गेला, असे मात्र मी कोणत्याही हिशेबात लिहिणार नाही.